लोकअभिरक्षक कार्यालयाची मोफत वकील सेवा : गांजाच्या केसमध्ये आमच्या घराला आलेला अनुभव

पाचपैकी चार तारे देते. एक का कापला तेही लिहिणार आहे, पण ते नंतर.

जानेवारी २०२४ मध्ये माझ्या धाकट्या भावाला एनडीपीएस कायद्याखाली, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धच्या कायद्याखाली, अटक झाली. आम्ही सोलापूरकडचे, अटक दुसऱ्या जिल्ह्यात, एका टोलनाक्याजवळ. खटला अजून चालू आहे, त्यामुळे जिल्ह्याचं, पोलीस ठाण्याचं, वकिलांचं, कोणाचंच नाव लिहीत नाही. भाऊ पिकअप चालवतो. कांदा घेऊन पुण्याच्या मार्केट यार्डात निघाला होता. वाटेत एका ढाब्यावर ओळखीच्या माणसाने कांद्याच्या गोण्यांवर तीन जादा पोती टाकली आणि दीड हजार रुपये भाडं ठरवलं. भाऊ म्हणतो, ओला कढीपत्ता आहे असं सांगितलं होतं. पोलिसांनी गाडी अडवली, पोती उघडली, वजन भरलं २२ किलो ४०० ग्रॅम.

मी पतसंस्थेत कारकून आहे, आकडे वाचायची सवय आहे. तरी या एका आकड्याचा अर्थ कळायला मला तीन महिने लागले. गांजासाठी कायद्यात दोन रेघा आहेत. १ किलोच्या आत अल्प प्रमाण, शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष. २० किलोच्या वर गेलं की व्यापारी प्रमाण, कमीत कमी दहा वर्षं, जास्तीत जास्त वीस, वर एक ते दोन लाख दंड. मधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत, पण किमान शिक्षा ठरलेली नाही. व्यापारी प्रमाण असेल तर कलम ३७ लागतं. मग जामीन देण्याआधी न्यायाधीशांना असं वाटावं लागतं की हा माणूस दोषी नाही असं मानायला पुरेसं कारण आहे आणि सुटल्यावर तो पुन्हा असा गुन्हा करणार नाही. खटला सुरू व्हायच्या आधीच एवढं पटवून द्यायचं. आमचं सगळं त्या वरच्या दोन किलो चारशे ग्रॅमवर अडकलं होतं.

हे आम्हाला सांगणारं त्या वेळी कोणी नव्हतं. रात्री दोनला फोन आला, सकाळच्या पहिल्या एसटीने मी आणि मामा निघालो, आणि कोर्टाच्या आवारात जो पहिला माणूस आपुलकीने बोलला त्याच्या वकीलपत्रावर सही केली. तो म्हणाला, "आठ दिवसांत पोरगं घरी." चाळीस हजार आगाऊ दिले. आईच्या पाटल्या गहाण ठेवल्या, माझ्याच पतसंस्थेत. पावती मी स्वतः फाडली.

त्या वकिलाने दहा दिवसांत जामीन अर्ज टाकला. अर्जात एकच मुद्दा होता, कलम ५०. म्हणजे झडतीआधी राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती घेण्याचा हक्क आरोपीला सांगितला नाही, हा. ऐकायला फार जोरदार वाटलं. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने १९९९ मध्ये आणि पुन्हा २०१० मध्ये या हक्काबद्दल कडक सांगितलेलं आहे हेही खरं. मार्चमध्ये अर्ज फेटाळला गेला. त्यानंतर तारखांना तो यायचा बंद झाला, ज्युनिअर यायचा आणि पुढची तारीख घेऊन जायचा. हायकोर्टात जायचं तर आणखी एक लाख, असं फोनवर सांगितलं.

लोकअभिरक्षक कार्यालयाचं नाव मला जेलच्या मुलाखतीच्या रांगेत कळलं. पुढे उभी असलेली एक बाई, तिचा मुलगा चोरीच्या केसमध्ये आत होता. ती म्हणाली, "अक्का, कोर्टातच हापिस आहे, पैसे लागत नाहीत." घरी सांगितलं तर आई घाबरली. तिच्या मनात सरकारी वकील म्हणजे पोलिसांच्या बाजूने उभा राहणारा. ही समजूत आमच्या गल्लीत, नातेवाइकांत सगळीकडे आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. आरोपीविरुद्ध खटला चालवतो तो सरकारी वकील. लोकअभिरक्षक हा आरोपीचा वकील. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०२२ च्या योजनेतून जिल्ह्याजिल्ह्यात ही कार्यालयं निघाली. मुख्य, उपमुख्य आणि सहायक असे वकील तिथे पूर्णवेळ असतात आणि त्यांना खासगी केसेस घेता येत नाहीत. पगार प्राधिकरण देतं, आपल्याकडून एक रुपयासुद्धा घ्यायचा नाही. कोणी मागितलाच तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे तक्रार करता येते, ते स्वतः न्यायाधीश असतात.

आणि यासाठी गरीब असल्याचा दाखला लागेल म्हणून कोणी थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे, त्याच्या कलम १२ प्रमाणे कोठडीत असलेल्या कोणत्याही माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. बायकांनाही तसंच. भावाने जेलमध्येच अर्ज लिहिला, जेल अधिकाऱ्यांमार्फत तो प्राधिकरणाकडे गेला. आधीच्या वकिलाची वकीलपत्रावर ना हरकत घ्यायला मात्र मला चार खेटे पडले. ज्यांना कुठून सुरुवात करावी तेच कळत नाही त्यांनी १५१०० हा क्रमांक लिहून ठेवा, राष्ट्रीय प्राधिकरणाची मदतवाहिनी आहे.

आता मूळ सेवेबद्दल.

आम्हाला ज्या मॅडम मिळाल्या त्या वयाने माझ्याएवढ्याच असतील. पहिल्या दिवशी त्यांनी मला काहीच आश्वासन दिलं नाही. रिमांडचे कागद, पंचनाम्याची प्रत, फेटाळलेल्या अर्जाचा हुकूम समोर घेऊन त्या पाऊण तास वाचत बसल्या आणि मी समोर बाकावर. तोपर्यंत आमच्या केसचे कागद कोणी माझ्यासमोर वाचलेले मी पाहिले नव्हते. मग म्हणाल्या, "ताई, कलम ५० आपल्याला लागूच होत नाही. ते अंगझडतीसाठी आहे. पोती गाडीत सापडली. बॅग, पोतं, गाडी म्हणजे अंग नव्हे, हे सुप्रीम कोर्टाने २००५ मध्येच सांगितलंय." चाळीस हजार रुपये आणि तीन महिने मी ज्या मुद्द्यावर घालवले होते तो आमचा मुद्दाच नव्हता. मी तिथे रडले. त्यांनी पाणी दिलं आणि पंचनाम्याचं दुसरं पान माझ्याकडे फिरवलं.

त्यावर लिहिलं होतं, "पाने, फुले, बिया व काड्या असलेली हिरवट तपकिरी ओलसर वनस्पती." मी ते वाक्य आधी दहा वेळा वाचलं असेल. त्यांनी त्याखाली पेन्सिलने रेघ मारली. कायद्यातली गांजाची व्याख्या अशी आहे की झाडाचे फुलं किंवा फळं धरलेले शेंडे म्हणजे गांजा. बिया आणि पानं शेंड्यांसोबत नसतील तर ती गांजात धरायची नाहीत. आमच्या पंचनाम्यात सगळं एकत्र करून, ओलं असतानाच वजन केलं होतं. शेंडे किती, पानं-काड्या किती, याची वेगळी नोंद नाही. २२ किलो ४०० मधून काड्या आणि सुटा पाला बाजूला काढला तर वजन २० किलोच्या खाली येण्याची शक्यता उरतेच. आणि २० च्या खाली आलं की कलम ३७ ची ती अट लागत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने याच मुद्द्यावर जामीन दिलेले निकाल आहेत. पण त्यांनी लगेच दुसरी बाजूही सांगितली. पानं शेंड्यांसोबतच होती असं सरकारी वकील म्हणणार, आणि कोर्ट ते मान्यही करू शकतं.

हा स्वभाव मला फार मोलाचा वाटला. प्रत्येक मुद्दा सांगताना त्याच्यासमोरचं उत्तरही त्या सांगायच्या. नमुने पोलिसांनी जागेवरच काढले होते, मॅजिस्ट्रेटसमोर नाही. कलम ५२अ आणि डिसेंबर २०२२ चे नियम यांच्याप्रमाणे ते मॅजिस्ट्रेटसमोर व्हायला हवं. मला वाटलं, झालं, सुटलो. त्या म्हणाल्या, हा मुद्दा साक्षीच्या वेळी कामाला येईल, नुसत्या यावर जामिनाची आशा धरू नका. आणि तसंच झालं. डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की ५२अ मध्ये राहिलेली त्रुटी एवढ्यावरून जामीन देता येणार नाही. आमचा अर्ज तेव्हा हायकोर्टात होता आणि सरकारी बाजूने तोच निकाल वाचून दाखवला.

भावाने पोलीस कोठडीत दोन कागदांवर सह्या केल्या होत्या. सही केली म्हणजे गुन्हा कबूल, आता संपलं, असं तो धरून बसला होता. मॅडमनी जेलमध्ये जाऊन त्याला समजावलं की पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब त्याच्याविरुद्ध पुरावा धरला जात नाही. एनडीपीएसमध्ये कलम ६७ खाली तपास अधिकारी जबाब घेतात, त्यांनाही सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या तोफान सिंग निकालापासून हाच नियम आहे. त्या भेटीनंतर तो जेवायला लागला. मुलाखतीत त्याचा चेहरा काचेपलीकडून मला वेगळा दिसला.

पण या कायद्यातली सगळ्यात कठीण गोष्टही त्यांनीच सांगितली. इतर खटल्यांत गुन्हा सिद्ध करायचं ओझं सरकारवर असतं. इथे माल ताब्यात सापडला की कलम ३५ आणि ५४ प्रमाणे आरोपीला सगळं माहीत होतं असं कोर्ट धरून चालतं. माहीत नव्हतं हे आपण दाखवायचं, तेही कोणतीही वाजवी शंका उरणार नाही इतपत. "तुमचा भाऊ चांगला आहे हे मला पटतंय, पण कोर्टात त्याचा कागद लागतो," हे त्यांचे शब्द.

मग मी कागद गोळा करायला लागले. भावाची भाड्याची वही, त्यात त्या दिवशीची नोंद. आडतीची पट्टी, किती गोण्या कांदा कुणाच्या नावाने जाणार होता त्याची. फास्टॅगचे मेसेज. पोती टाकणाऱ्या माणसाने त्या संध्याकाळी केलेले पाच फोन. मॅडमनी कोर्टात अर्ज करून त्या नंबरचे कॉल रेकॉर्ड जतन करायला लावले. ढाब्यावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण मात्र मिळालं नाही, तीन महिन्यांत ते पुसलं गेलं होतं. पोती चढवताना भाऊ गाडीपाशी होता की आत जेवत होता, ते त्यात दिसलं असतं. पहिल्याच आठवड्यात कोणी अर्ज केला असता तर ते आज आमच्याकडे असतं. या एका गोष्टीचं दुःख मला आयुष्यभर राहणार आहे. ज्यांच्या घरी आज असा फोन आला असेल त्यांनी जामिनाच्या आधी कॅमेऱ्यांचं चित्रण आणि कॉल रेकॉर्ड यांचं बघा, वकिलाला तेच पहिलं विचारा. अटकेची कारणं लेखी दिली का हेही विचारा, ती मिळणं हक्क आहे. पोलिसांना आधी बातमी मिळाली होती असं म्हणत असतील तर ती लिहून घेतली का आणि ७२ तासांत वरिष्ठांकडे पाठवली का, हेही तपासायला सांगा.

व्यापारी प्रमाणाच्या केसमध्ये चार्जशीटसाठी पोलिसांना १८० दिवस मिळतात. त्यात आली नाही आणि सरकारी वकिलाने मुदत वाढवून घेतली नाही, तर जामीन हक्काने मिळतो. मॅडमनी त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर आमची १८० वी तारीख लाल पेनाने लिहून ठेवली होती, अर्ज तयार करून ठेवला होता. चार्जशीट १७१ व्या दिवशी आली. तो अर्ज वाया गेला, पण तो तयार होता हे मी विसरणार नाही.

ऑगस्टमध्ये विशेष न्यायालयात नवा अर्ज गेला, सप्टेंबरमध्ये फेटाळला. जिल्ह्याचं कार्यालय हायकोर्टात उभं राहत नाही, तिथे उच्च न्यायालय विधी सेवा समिती वेगळा वकील देते. कागद इथून तिथे जायला दोन महिने लागले. मुंबईचे वकील मॅडमइतके बोलके नव्हते, पण पंचनाम्यातलं ते पेन्सिलने रेघ मारलेलं वाक्य त्यांनी पहिल्याच मिनिटाला कोर्टापुढे ठेवलं. खटला लांबल्यामुळे जामीन मिळण्याचा २०२३ चा सुप्रीम कोर्टाचा निकालही दाखवला. त्या निकालातला आरोपी सात वर्षांहून जास्त आत होता, आमचे पंधरा महिने त्यापुढे थोडेच, हे मला आधीच सांगून ठेवलेलं होतं. एप्रिल २०२५ मध्ये जामीन झाला. हुकुमात वजनाचा मुद्दा आहे, आधीचा एकही गुन्हा नाही हे आहे, आणि खटला अजून सुरूच झालेला नाही हेही आहे. मामांचा सातबारा जामीनदार म्हणून लावला, पडताळणीत सहा दिवस गेले, सातव्या दिवशी संध्याकाळी भाऊ बाहेर आला. गेटबाहेर आईने त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि कितीतरी वेळ हात तिथेच ठेवला.

आता तो कापलेला तारा. वकील चांगले आहेत, पण फार कमी आहेत. मॅडमच्या टेबलावरच्या फायलींची उंची मी प्रत्येक वेळी पाहत आले. कार्यालयाचा फोन दुपारी कोणी उचलत नाही, कारण सगळे कोर्टात उभे असतात. दोनदा मी दीडशे किलोमीटर जाऊन भेट न होता परतले. चार्जशीटची झेरॉक्स मिळायला तीन आठवडे लागले, शेवटी मी स्वतःच्या पैशाने काढली. हायकोर्टासाठी कागद पाठवताना एक जोडपत्र राहिलं म्हणून बंडल परत आलं, त्यात बावीस दिवस गेले. बाहेर बसलेल्याला बावीस दिवस काहीच नसतात. आतल्याला प्रत्येक दिवस मोजावा लागतो. भाऊ जामिनावर सुटल्यावर, आता कोठडीत नाही म्हणून उत्पन्नाचा दाखला मागितला, तोही तहसीलमधून आणायला धावपळ झाली. या गोष्टी सुधारता येण्यासारख्या आहेत आणि सुधारल्या पाहिजेत. एखाद्या घरात माझ्यासारखी धावपळ करणारी कोणी नसेल तर त्या आरोपीचं काय होत असेल, हा विचार मला सुटत नाही.

कार्यालयात बसून बसून मी इतरांच्या केसेसही ऐकल्या. एका आईचा एकोणीस वर्षांचा मुलगा, खिशात एमडीची पुडी. तिला वाटत होतं गांजा किलोंनी असतो, हे तर काही ग्रॅमच. पण एमडीमध्ये, म्हणजे मेफेड्रोनमध्ये, अल्प प्रमाणाची रेघ २ ग्रॅमवर आहे आणि व्यापारी प्रमाण ५० ग्रॅमच्या वर सुरू होतं. हेरॉइनला ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम. आणि २०२० पासून वजन धरतात ते पूर्ण मिश्रणाचं, आत कितीही भेसळ असली तरी. त्या मुलाकडे अल्प प्रमाणच होतं. मॅडमनी त्या आईला कलम ६४अ समजावून सांगितलं. व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला आणि ते पूर्ण केले तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण मागता येतं. ती बाई वही घेऊन आली होती, एक-एक शब्द लिहून घेत होती.

मला नशेच्या धंद्याबद्दल जराही माया नाही. हैदराबादकडून सोलापूरमार्गे हा माल येतो हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे, आणि आमच्याच गल्लीतलं एक पोरगं त्यात संपलेलं मी पाहिलंय. भावाने खरंच माहीत असून पोती घेतली असतील तर त्याला शिक्षा व्हावी, हे मी त्याच्यासमोर बोलले आहे. दीड हजारांत कढीपत्ता पुण्याला कोण पाठवतं, हा प्रश्न त्याला त्या रात्री पडायला हवा होता, हेही बोलले आहे. तो मान खाली घालून ऐकत होता. पण त्याला माहीत होतं की नव्हतं हे कोर्टात कोणीतरी नीट मांडायला हवं, आणि ते मांडणारा माणूस आम्हाला पैशाने मिळाला नाही. तो मिळाला कोर्टाच्या इमारतीतल्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत.

खटला सुरू झाला आहे. पहिल्या पंचाची साक्ष झाली. वजन कशावर केलं, पोत्यांसकट की पोती रिकामी करून, असं मॅडमनी विचारलं तेव्हा त्याने आठवत नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या पंचाची तारीख पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला आहे. मॅडमनी भाड्याची मूळ वही सोबत आणायला सांगितली आहे. मी ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाटल्यांच्या रिकाम्या डब्यात ठेवली आहे.